बातमीदाराच्या सुट्टीचे पैसे कोणी दिले?

नागपुरातल्या हिस्लॉप कॉलेजच्या पत्रकारिता विभागाचा विषय निघाला, की आमच्या पिढीतले लोक तिथल्या प्राध्यापकांच्या आठवणी सांगतात. मला त्या विभागामागचा पैसा आठवतो. 1952 मध्ये अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठाचे प्राध्यापक रोलंड वूल्झली फुलब्राइट योजनेतून नागपुरात आले आणि त्यांनी हा विभाग सुरू केला. दुसरे महायुद्ध संपल्यावर परदेशांत पडून राहिलेले अमेरिकी लष्करी सामान विकून जो पैसा आला, त्यावर ही योजना 1946 मध्ये उभी राहिली होती. विदर्भातल्या बातमीदाराला शिकवण्याचा पहिला मोठा खर्च असा दूरवरून आला.

मी जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर नोकरी केली आणि आता तालुक्याच्या वार्ताहरांसाठी कार्यशाळा घेते. त्यामुळे या इतिहासात मी आधी जमाखर्च बघते.

पूर्वी आपल्याकडे उमेदवारी हेच शिक्षण होते. संपादकाच्या हाताखाली बसायचे, मुद्रिते तपासायची, चुकांबद्दल बोलणी खायची. नोकरीत असलेल्या पत्रकाराला काही काळ कामातून मोकळे करून शिकवावे, ही कल्पना अमेरिकेत रुजली ती एका विधवेच्या मृत्युपत्रामुळे. ‘मिल्वॉकी जर्नल’च्या संस्थापकाच्या पत्नी अ‍ॅग्नेस वॉल नीमन यांनी दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम हार्वर्ड विद्यापीठाला ठेवली. विद्यापीठाने त्यातून नवी शाळा काढली नाही. 1938 मध्ये नऊ पत्रकारांना वर्षभर हवे ते शिकण्याची मोकळीक दिली. त्या पैशाने वेळ विकत घेतला, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत शहाणा निर्णय तोच होता.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या प्रेस आयोगाने 1954 मध्ये अहवाल दिला आणि पत्रकाराच्या वेतनाचे नि सेवाशर्तींचे प्रश्न ऐरणीवर आले. पुढच्याच वर्षी श्रमिक पत्रकारांचा कायदा झाला. शिकण्याची बाजू मात्र बाहेरच्यांनी उचलली. 1950 मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल प्रेस इन्स्टिट्यूटने आशियात प्रशिक्षणाचे काम काढले. त्याच कामात हॅरल्ड इव्हान्स भारतातल्या वृत्तपत्रांत बसून मथळे, मांडणी आणि संपादन शिकवत होते. पुढे लंडनच्या ‘संडे टाइम्स’चे संपादक म्हणून गाजलेले इव्हान्स ते हेच. 1963 मध्ये दिल्लीत प्रेस इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया सुरू झाली आणि चंचल सरकार तिचे पहिले संचालक झाले. या संस्थेने ‘विदुर’ हे नियतकालिकही चालवले. वृत्तपत्रमालक रॉय थॉमसन यांनी 1962 मध्ये काढलेल्या प्रतिष्ठानाने कार्डिफमध्ये आशिया-आफ्रिकेतल्या पत्रकारांचे वर्ग घेतले. 1968 मध्ये फिलिपिन्समध्ये आशियातल्या आर्थिक विषयांवर लिहिणाऱ्यांसाठी खास अभ्यासक्रम झाला. विकास पत्रकारिता हा विचार तिथे आकाराला आला. कारखान्याच्या उद्घाटनाची बातमी न देता त्या कारखान्याने गावाच्या जगण्यात काय बदलले ते मोजावे, हे त्याचे सार.

हे सारे मोलाचे होते. पण ते इंग्रजीत चालले आणि मोठ्या शहरांतल्या दैनिकांपर्यंत पोहोचले. यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव, मारेगाव, घाटंजी इथल्या वार्ताहरापर्यंत ते कधी आले नाही. त्याला पगार नसतो. जाहिरातीच्या कमिशनवर त्याचे घर चालते. दोन दिवस तो कार्यशाळेत बसला तर त्या दिवसांचे कमिशन बुडते. म्हणून आमच्या हिशेबात सभागृह आणि जेवणाच्या आधी त्याचा दिवसाचा भत्ता आणि एसटीचे भाडे लिहिलेले असते.

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. बातम्या आल्या, पण ‘फवारणीतून मृत्यू’ यापुढे बऱ्याच जणांना जाता येईना. औषध कोणते, मिश्रण कशाचे, हे विचारायचे कसे, तेच माहीत नव्हते. म्हणून आम्ही त्या विषयावर कार्यशाळा घ्यायचे ठरवले. कीटकनाशक विकणाऱ्या एका कंपनीने सगळा खर्च देऊ केला. आम्ही तो घेतला नाही. वर्गणी काढली. एका डॉक्टरांनी विषबाधेची लक्षणे समजावली. डब्यावरच्या, विषाची तीव्रता सांगणाऱ्या त्रिकोणाचे रंग सर्वांनी वहीत उतरवले: लाल अतितीव्र, पिवळा तीव्र, निळा मध्यम, हिरवा सौम्य. त्यानंतर आमचे वार्ताहर घटनास्थळी गेले की आधी डबा बघायला मागू लागले आणि बातमीत औषधाचे नाव येऊ लागले.

पैसे देणाऱ्याने विषय ठरवला की प्रश्नही तोच ठरवतो. सरकार, कंपनी, स्वयंसेवी संस्था, कोणीही असो. देणगी वाईट नसते. नीमनबाईंच्या पैशाने कोणता विषय शिकायचा ते पत्रकारावर सोडले, म्हणून ती देणगी टिकली. तीच अट आपण आजही घालायला हवी.

आणि वृत्तपत्रांनी स्वतः पैसे द्यायला हवेत. बातमीदार शिकला तर त्याचा पहिला फायदा वृत्तपत्रालाच होतो. 1946 मध्ये कोलंबिया विद्यापीठात अमेरिकन प्रेस इन्स्टिट्यूट उभी राहिली ती तिथल्या वृत्तपत्रांच्याच पैशातून. महाराष्ट्रातल्या मराठी दैनिकांनी एकत्र येऊन जिल्ह्याजिल्ह्यात असा निधी का उभारू नये?

6 जानेवारीला, बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’ची आठवण म्हणून, आपण गावोगावी पत्रकार दिन साजरा करतो. हार, शाली, स्मृतिचिन्हे यांवर बराच खर्च होतो. येत्या पत्रकार दिनी प्रत्येक पत्रकार संघाने त्या रकमेतून निदान एका तालुका वार्ताहराच्या शिकण्याच्या दिवसांचा भत्ता बाजूला काढावा. विषय त्या वार्ताहराला निवडू द्यावा.