हातभट्टीवाला

परवान्याशिवाय गावठी दारू गाळणारा किंवा विकणारा. गाळणारा आणि विकणारा सहसा एक नसतो. भट्टीला मुबलक पाणी, जळण आणि आडोसा लागतो, म्हणून ती ओढ्याकाठी, नदीपात्रालगतच्या झाडीत लागते. पुण्याच्या विश्रांतवाडीसारख्या उपनगरातल्या वस्तीत येतो तो कॅनमधला तयार माल. तो पिशव्यांत बांधून किंवा ग्लासाने विकणारा हा या धंद्यातला सर्वांत शेवटचा माणूस. छाप्यात बहुधा तोच सापडतो.

काळा गूळ व नवसागर पाण्यात आंबवून केलेल्या द्रावणाला पोलिसी पंचनाम्यात ‘कच्चे रसायन’ म्हणतात. भट्टीवर ते उकळून वाफ थंड केली की दारू मिळते. सुरुवातीला उतरणारी, सर्वांत कडक ती ‘पहिल्या धारेची’. छाप्यात रसायन जागीच ओतून देतात आणि दारूचा नमुना छोट्या बाटलीत भरून, पंचांच्या सह्यांचे लेबल व लाखेचे सील लावून रासायनिक तपासणीला पाठवतात.

या धंद्याला बरकत आली ती मुंबई दारूबंदी अधिनियम, 1949 मुळे. पुढे राज्याने बंदी सैल करून परवाने दिले, तरी भट्ट्या राहिल्याच. कर न भरलेली दारू स्वस्त पडते. या कायद्याच्या कलम 65 खाली पकडलेला विक्रेता जामिनावर सुटून पुन्हा त्याच जागी बसतो, ही जुनी तक्रार. म्हणून 1981 चा स्थानबद्धतेचा कायदा (एमपीडीए) आला. झोपडपट्टीदादांच्या जोडीला हातभट्टीवाल्याचेही नाव त्याच्या शीर्षकातच आहे. त्याखाली पोलीस आयुक्त खटल्याविना एक वर्षापर्यंत स्थानबद्धतेचा आदेश काढू शकतात. मात्र सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका दाखवता आला नाही, तर उच्च न्यायालय तो रद्द करते. महिलांच्या मतदानाने ‘आडवी बाटली’ होते, म्हणजे दारूविक्री बंद होते, ती परवानाधारक दुकानाची. हातभट्टीला परवानाच नसल्याने तिथे मत कशावर घेणार?

विषारी दारूच्या मोठ्या दुर्घटनांचे खापर सरसकट भट्टीवर फोडणे बरोबर नाही. गूळ आंबवून मुख्यतः इथाइल अल्कोहोल मिळते. सामूहिक बळी घेते ते बहुधा उद्योगांसाठीचे मिथेनॉल, जे विक्रेते स्वस्त म्हणून मिसळतात. मुंबईत मालवणी येथे जून 2015 मध्ये शंभरावर माणसे अशीच दगावली. त्या खटल्यात 2024 साली सत्र न्यायालयाने चौघांना दोषी ठरवले. बाकीचे आरोपी सुटले.