जुनी जावा आणि इतिहासाचा नेमका कोणता दिवस?

आजचा विषय फलकावर वाचून दोघातिघांना हसू आलं, ते आम्ही पाहिलं. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसानं मोटारसायकलवर काय बोलावं? पण गेली दोन वर्षं आमचा मुक्काम ग्रंथालयापेक्षा घरामागच्या गॅरेजातच जास्त आहे. तिथं आमच्या थोरल्या बंधूंची, म्हणजे दादांची, १९६६ सालची जावा उभी आहे. दादा आता नाहीत.

आधी थोडा इतिहास. यानेचेक हा झेक कारखानदार आणि वांडरर ही जर्मन कंपनी, या दोन नावांची आद्याक्षरं जोडून १९२९ मध्ये ‘जावा’ झाली. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली, तेव्हा रुस्तम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरला आयडियल जावा उभी केली. १९६१ पासून तिथं गाड्या तयार होऊ लागल्या, पुढं त्याच कारखान्यातून येझदी आली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. किक आणि गिअर एकाच दांड्यानं, सिलिंडर एक पण सायलेन्सर दोन. या गाडीचा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

त्या काळात नवी गाडी सहज मिळत नसे. त्यामुळे जी होती तीच चालवायची. सुटा भाग मिळाला नाही तर गावचा लेथवाला घडवून देई, लोहार डाग देई. आम्ही इंजिन उघडलं तेव्हा बोअर मोजला. कारखान्यातून निघताना तो ६५ मिलिमीटर असतो, आमचा ६५.५ भरला. म्हणजे हे इंजिन पूर्वी कुणीतरी उघडून रिबोअर केलं होतं. कागद नसला तरी धातू साक्ष देतो.

आता तुम्ही म्हणाल, पिस्टन बदलला, बेअरिंगं बदलली, वायरिंग बदललं; मग गाडी तीच राहिली का? मिलिंद राजाला नागसेनानं रथाबद्दल हेच विचारलं होतं. चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? वर्गात आम्ही हा प्रश्न तीस वर्षं शिकवला. गॅरेजात मात्र तो आम्हाला फारसा अडला नाही. अडला तो दुसराच: गाडी पूर्ववत करायची म्हणजे कोणत्या दिवसाला न्यायची?

पुतण्याचं उत्तर तयार होतं. कारखान्यातून निघाली त्या दिवसाला. त्यानं जुन्या बाजारात बुधवार-रविवार फिरून मूळ दिवे, मूळ कडी-कोयंडे गोळा केले. चेसिसच्या डाव्या बाजूला एक ओबडधोबड लोखंडी आडणा वेल्ड केलेला होता. कंपनीच्या चित्रात तो नव्हता. ‘काका, हा कापून टाकू?’ त्यानं विचारलं. आम्ही मान डोलावली. ग्राइंडरनं पाच मिनिटांत काम झालं, वर रेडऑक्साइड मारलं.

आठवड्यानं वहिनी गॅरेजात आल्या. गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, ‘भाऊजी, ह्यांची मस्टरची पेटी आता कशावर ठेवायची?’

१९७२ चा दुष्काळ. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. खडी फोडायची, बांध घालायचे, आठवड्याला मजुरी घ्यायची. दादा तेव्हा माण तालुक्यात मुकादमांवर देखरेख करायला होते. हजेरीचे मस्टर लाकडी पेटीत, पेटी त्या आडण्यावर. मस्टर वेळेवर पोचलं नाही तर मजुरी अडायची, असं वहिनी सांगतात. म्हणून त्यांनी दहिवडीत लोहाराकडून आडणा जोडून घेतला. हे आम्हाला, सख्ख्या भावाला, ठाऊक नव्हतं! आम्ही तेव्हा पुण्यात पीएचडीच्या टिपणांत बुडालेलो.

जुन्या वास्तूंसाठी १९६४ मध्ये व्हेनिसची सनद झाली. तिच्यात दोन गोष्टी आहेत: जिथं अंदाज सुरू होतो तिथं जीर्णोद्धार थांबला पाहिजे, आणि वास्तूत प्रत्येक काळानं जी भर घातली तिचा मान राखला पाहिजे. हे आम्ही वाचलेलं होतं हो! पण मंदिरांसाठी. लोहाराचा डाग आम्हाला नुसता गंज दिसला.

आडणा नवा करता येईल. लोहारही सापडेल. पण तो आमचा आडणा होईल, दादांचा नाही. म्हणून केला नाही. घासलेल्या जागी आम्ही रंग मात्र मारू दिला नाही. टाकीवर वर काळा, खाली हिरवा, त्याखाली कारखान्याचा मरून, असे तीन थर आहेत. पॉलिश पेपर पुतण्याच्या हातून काढून घेतला. तो अजून थोडा नाराज आहे, त्याचंही पुरतं चुकत नाही. गंज थांबवायला हवाच, आणि टाकी गळते तिथं आतून डाग द्यावाच लागला.

गाडी आज इथं आवारात आणली आहे. प्रश्न असतील तर तिच्यापाशीच विचारा. किक मारून बघायची असेल तर मारा, फक्त आधी न्यूट्रल तपासा.