दिवा कोणाचा, तेल कोणाचे?

नभोवाणी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे सरकारी इमारत आणि तिचा उंच मनोरा उभा राहतो. पण हिंदुस्थानात नियमित नभोवाणी रुजवली ती हौशी मंडळींच्या क्लबांनी. तिचा इतिहास चाळताना यंत्रांच्या वर्णनापेक्षा जमाखर्चाची वही मला अधिक बोलकी वाटते. दिवा कोणाच्या मालकीचा आणि त्यात रोजचे तेल कोण घालणार, या दोन प्रश्नांवर कितीतरी आवाज जगले आणि विझले.

मुंबई व कलकत्ता येथील क्लबांनी १९२३ साली आपला आवाज हवेत सोडला. मद्रासचा क्लब सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी यांच्या खटपटीने १९२४ मध्ये निघाला. परंतु हौसेला मर्यादा नसते, वर्गणीला असते! १९२७ मध्ये पैशाअभावी मद्रासचा आवाज बंद पडला.

त्याच वर्षी भांडवलवाले पुढे सरसावले. २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. पाठोपाठ कलकत्त्याचेही झाले. श्रोत्याने वर्षाला दहा रुपये परवान्याचे भरायचे, त्यांतले आठ कंपनीला. १९२९ अखेर परवानेधारक आठ हजारांच्याही आत होते. म्हणजे परवान्यांचे उत्पन्न वर्षाला चौसष्ट हजारांहूनही कमी! एवढ्यात दोन महानगरांची केंद्रे चालावीत कशी? १९३० च्या मार्चमध्ये कंपनीने गाशा गुंडाळला आणि एप्रिलपासून सरकारने कारभार हाती घेतला.

मद्रासला मात्र एक वेगळी गोष्ट घडली. क्लबाचे यंत्र तेथील महानगरपालिकेने घेतले आणि १९३० पासून स्वतःच्या खर्चाने चालवले. मरीनाच्या वाळूत, बागांतून कर्णे लागले. ज्याच्या घरी रेडिओ नाही, त्यानेही संध्याकाळी गाणे ऐकावे. रस्त्यावरच्या कंदिलाखाली येणाऱ्याला कोणी परवाना विचारत नाही, तसेच हे. १९३८ मध्ये ऑल इंडिया रेडिओचे केंद्र येईपर्यंत हा दिवा तेवत होता.

हा हिशेब जुन्या काळाबरोबर संपला, असे मात्र नाही. इंग्लंडात १९९५ साली बी.बी.सी.ने डिजिटल प्रक्षेपण सुरू केले, तेव्हा तोच प्रश्न नव्या रूपात आला. या पद्धतीत एका प्रक्षेपकावर अनेक केंद्रांची बिऱ्हाडे असतात. जणू चाळच! चाळ एका मालकाची, बाकी सारे भाडेकरू. सबंध परगण्यापुरत्या बांधलेल्या त्या मोठ्या चाळींचे भाडे गावच्या छोट्या केंद्राला कोठून परवडणार?

२०१२ मध्ये रशीद मुस्तफा या अभियंत्याने ब्रायटन येथे साधा संगणक आणि सर्वांना मोफत खुली असलेली आज्ञावली घेऊन छोटी चाळ उभी करून दाखवली. २०१५ मध्ये दहा ठिकाणी तिचे प्रयोग झाले आणि २०१९ मध्ये तिच्यासाठी कायदेशीर चौकट आली. ती घडवणारांनी केवळ यंत्र स्वस्त झाले म्हणून समाधान मानले नाही. नफा न घेणाऱ्या लोककेंद्रांसाठी प्रत्येक चाळीत जागा राखून ठेवली आणि भाड्याची माहिती जाहीर करण्याचे बंधन मालकावर घातले. मालक व्यापारी असला तरी चालेल. पण दार बंद करता कामा नये आणि दर गुप्त ठेवता कामा नये. राखीव जागेचेही भाडे मात्र भरावेच लागते. ते जाहिरातींतून, देणग्यांतून, अनुदानांतून, आणि काम बहुतेक स्वयंसेवकांच्या हातांनी!

आपल्याकडे साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवड येथे २००८ साली ‘माणदेशी तरंग’ सुरू झाले, ते जुन्या एफ.एम. पद्धतीवर. उद्या डिजिटल मनोरे आपल्या तालुक्यांतूनही उभे राहिले, तर यंत्राची किंमत विचारण्याआधी आपण दोन गोष्टी विचारून घ्याव्यात, असे मला वाटते: चाळीचा मालक कोण, आणि पहिल्या वर्षाची हौस ओसरल्यावर भाडे कोण भरणार? मद्रासच्या नागरिकांनी त्याचे एक उत्तर दिले होते. गावाला दिवा हवा असेल, तर तेलाचा खर्च गावाने आपला मानला पाहिजे.