अंकपाश आणि यंग यांच्या मांडण्या : डॉ. श्रीराम अभ्यंकरांच्या गणनाकार्याचा ऐतिहासिक विचार

डॉ. श्रीराम शंकर अभ्यंकर (१९३०-२०१२) यांचे नाव प्रामुख्याने बैजिक भूमितीशी जोडले जाते. तथापि १९८८ साली प्रसिद्ध झालेला 'एन्युमरेटिव्ह कॉम्बिनेटॉरिक्स ऑफ यंग टॅब्लो' हा त्यांचा ग्रंथ वरवर पाहता निव्वळ मोजणीचा आहे. भूमितीचा अभ्यासक मोजणीकडे का वळला, हा प्रश्न इतिहासदृष्ट्या महत्त्वाचा ठरतो.

यंग यांची मांडणी म्हणजे ओळींत रचलेल्या अंकांचा तक्ता. अभ्यंकरांच्या रीतीत ओळीतील अंक डावीकडून उजवीकडे वाढत जातात आणि स्तंभात खाली उतरताना ते कमी होत नाहीत. इंग्लंडमधील आल्फ्रेड यंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अशा मांडण्या प्रचारात आणल्या. पुढे १९७४ मध्ये डुबिले, रोटा आणि स्टाइन यांनी त्यांच्या जोड्यांचा डिटर्मिनंटांच्या गुणाकारांशी संबंध जोडून दाखविला.

लहानसे उदाहरण पुरेसे आहे. दोन ओळी व दोन स्तंभांच्या मॅट्रिक्समधील चार चलांपासून दुसऱ्या घाताच्या १० एकपदी मिळतात. दुसरीकडे, प्रत्येकी दोन घरांच्या नियमबद्ध मांडण्यांच्या जोड्या मोजाव्यात. आडव्या ओळीची जोडी एकच, व ती म्हणजे स्वतः डिटर्मिनंट. उभ्या स्तंभात १-१, १-२, २-२ असे तीनच क्रम बसतात. म्हणून त्यांच्या जोड्या ९. बेरीज पुन्हा १०! कर्णाबाहेरील दोन चलांचा गुणाकार नियमात बसत नाही, परंतु कर्णावरील गुणाकारातून डिटर्मिनंट वजा केला की तोच मिळतो.

ही समानता कोणत्याही आकाराच्या मॅट्रिक्ससाठी व कोणत्याही घातासाठी टिकते. अभ्यंकरांनी ती थेट मोजणीने सिद्ध केली आणि नियमबद्ध जोड्यांतून सर्व बहुपदी एकाच रीतीने मांडता येतात, या सिद्धांताला गणनेचा आधार दिला. काही डिटर्मिनंट शून्य असण्याच्या अटीने ठरणाऱ्या आकृतींचे हिल्बर्ट फलन काढणे, हा त्यामागील हेतू होता. म्हणजे मोजणी हे भूमितीचेच साधन होते.

अभ्यंकरांनी १९७६ साली पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले. त्या नावामुळे हे सारे 'लीलावती'त (११५०) होतेच, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. भास्कराचार्यांच्या अंकपाशात दहा हातांत दहा आयुधे धरणाऱ्या शंभूची ३६,२८,८०० रूपे मोजली आहेत, हे खरे. तेथे अटही आढळते : शून्य नसलेल्या, पाच अंकांची बेरीज १३ होईल अशा संख्या ४९५. मात्र ही अट बेरजेची आहे, क्रमाची नाही.