झाकलेले चेहरे

धुळ्याहून तासाभरावर मालेगाव. तिथं फैजा अहमद खान यांनी २००८ साली ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. यंत्रमागावरची आपली माणसं त्यात उघड्या चेहऱ्यानं, हसत पडद्यावर आली. त्याच्या आदल्याच वर्षी टोरांटोच्या महोत्सवात आणखी एक माहितीपट दाखवला गेला होता. भारतात जन्मलेल्या परवेज शर्मा यांचा ‘अ जिहाद फॉर लव्ह’, समलिंगी मुसलमानांवरचा. अनेक देशांत फिरून केलेला. त्यात मात्र कित्येक चेहरे पुसट. ओळख पटली तर जिवावर बेतेल म्हणून.

जिहाद म्हणजे मुळात धडपड. (उर्दू शिकवणाऱ्याची ही खोड, समजून घ्या.) त्या माणसांची धडपड दीन सोडण्यासाठी नव्हतीच, दीनमध्ये राहण्यासाठी होती. मी हललो तो तिथंच.

त्यातल्या दक्षिण आफ्रिकेच्या इमाम मुहसिन हेंड्रिक्स यांनी चेहरा झाकला नव्हता. १५ फेब्रुवारी २०२५ रोजी त्यांना गोळ्या घालून मारलं.

आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या भादलीत अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवार २०२१ मध्ये ग्रामपंचायतीवर निवडून आल्या. महिलांच्या जागेवरून लढू द्यावं म्हणून त्यांना औरंगाबाद खंडपीठात जावं लागलं. गावानं मतं दिली, चेहरा बघून.

मागे एका जुन्या विद्यार्थ्यानं विचारलं, “सर, तो माहितीपट तुम्ही आपल्या मोहल्ल्यात दाखवाल?”

मी म्हणालो, “बघू.” तो हसला आणि सलाम करून निघून गेला.