वर्षात न मावणारा आठवडा

बावन्न आठवड्यांचे दिवस ३६४ होतात. वर्षाचे दिवस मात्र ३६५, आणि लीप वर्षी ३६६. उरलेला हा एका-दोन दिवसांचा तुकडा दिसावयास क्षुल्लक, परंतु राज्यकर्ते, ज्योतिर्विद व धर्माचार्य या तिघांनाही त्याने पुरेसे सतावले आहे.

भारतीय ज्योतिषाने या भानगडीत वर्षाला ओढलेच नाही. कलियुगाच्या आरंभापासून, म्हणजे इसवी सनापूर्वी ३१०२ च्या फेब्रुवारीतील एका शुक्रवारापासून, लोटलेले दिवस मोजावयाचे. या दिनसंख्येस अहर्गण म्हणतात. अहर्गणास साताने भागिले की बाकीवरून वार निघतो. भागाकार म्हणजे वस्तुतः उलटून गेलेल्या आठवड्यांची संख्या, पण वार काढताना गणकाला तिचे काम नसे. ती तो सोडून देई. आठवड्याला क्रमांक देण्याची कल्पना येथे हाताशी येऊन निसटली असे म्हणता येईल. तिची गरजच कोणास नव्हती, हे अधिक खरे.

वाराची गरज मात्र होती. मध्य प्रदेशातील सागर जिल्ह्यात एरण येथे बुधगुप्ताच्या काळचा स्तंभलेख आहे. त्यावर गुप्त संवत् १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असा काल कोरलेला आहे. गुप्त संवताचा आरंभ केव्हा धरावा, यावर गेल्या शतकाच्या मागील शतकात विद्वानांत मोठा वाद होता. फ्लीट यांच्या ग्रंथासाठी शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी गणित केले, तेव्हा तो दिवस इ. स. ४८४ च्या जूनची २१ तारीख निघाला, आणि वार आला तो गुरुवारच. मधल्या चौदाशे वर्षांत वारांची साखळी कोठे एका दिवसाने जरी तुटली असती, तरी हा पुरावा लंगडा पडला असता.

ती तोडण्याचे प्रयत्न पुढे झालेच. फ्रेंच राज्यक्रांतीने १७९३ मध्ये दहा दिवसांचा आठवडा काढला. नेपोलियनच्या अमदानीत १८०६ च्या आरंभी ती कालगणनाच रद्द झाली. सोव्हिएत रशियाने १९२९ मध्ये पाच दिवसांचे चक्र सुरू करून कामगारांचे पाच गट पाडले. यंत्रे अखंड चालू राहिली, पण नवऱ्याची सुट्टी एका दिवशी तर बायकोची दुसऱ्या, असे होऊ लागले. १९३१ मध्ये सहा दिवसांचे चक्र आले आणि १९४० मध्ये सातावरच परतावे लागले.

तिसरा प्रयत्न अधिक सौम्य होता. ‘जागतिक पंचांगा’च्या योजनेत प्रत्येक तिमाही ९१ दिवसांची, म्हणजे बरोबर १३ आठवड्यांची, आणि ३६५ वा दिवस बिनवाराचा ठेवला होता. संयुक्त राष्ट्रांपुढे हा प्रश्न १९५३ मध्ये भारतानेच मांडला. १९५४ साली मेघनाद साहा यांनी जिनिव्हात त्याचा पुरस्कार केला. ज्यू व काही ख्रिस्ती पंथांनी विरोध केला, कारण बिनवाराचा एक दिवस घातला की दर सातव्या दिवसाचा त्यांचा विश्रामवार वर्षागणिक दुसऱ्या वारी पडणार. आक्षेप खरा होता. १९५५ मध्ये अमेरिकेने योजनेस नकार दिला आणि १९५६ मध्ये ती बाजूस पडली.

मग व्यवहाराने उलटा मार्ग धरला: आठवडा मोडावयाचा नाही, वर्षालाच थोडे वाकवावयाचे. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९७१ मध्ये शिफारस म्हणून आणि पुढे १९८८ च्या मानकात हा नियम घातला. आठवडा सोमवारी सुरू होतो. वर्षातील पहिला गुरुवार ज्यात येतो, तो पहिला आठवडा. गुरुवार हा मधला वार असल्यामुळे, ज्या वर्षात आठवड्याचे निदान चार दिवस पडतात, त्या वर्षाचा तो ठरतो. म्हणून १ जानेवारी २०२१ हा शुक्रवार २०२० च्या ५३ व्या आठवड्यात गेला. अमेरिकेत आठवडा रविवारी सुरू करून १ जानेवारीचा आठवडा पहिला मानण्याची रीत असल्याने, मालाच्या करारात नुसता आठवड्याचा क्रमांक लिहिल्यास दोन देशांत सात दिवसांचा घोटाळा होऊ शकतो.

ग्रेगोरियन पंचांगाच्या ४०० वर्षांत १,४६,०९७ दिवस येतात, आणि त्यांस साताने निःशेष भाग जातो: २०,८७१ आठवडे. त्यामुळे ४०० वर्षांत ७१ वर्षे ५३ आठवड्यांची भरतात. आठवड्याला पगार वाटणाऱ्या कारखान्याला त्या वर्षी एक वाटप जास्तीचे धरावे लागते. २०२० नंतर असे वर्ष २०२६ चे, व त्यानंतर २०३२ चे.