चित्रित फर्निचर

खुर्च्या, मेज, कपाटे, पलंग इ. लाकडी वस्तूंच्या पृष्ठभागावर रंगलेपन व चित्रण करून सजविलेले फर्निचर. जुन्या वा साध्या वस्तूंना ह्या रीतीने नवे रूप देण्याची प्रथा यूरोपात बरीच जुनी आहे. सतराव्या शतकात चिनी व जपानी लाक्षाकामाला तेथे मोठी मागणी आली. परंतु ज्या झाडाच्या चिकापासून ते रोगण होते, ते यूरोपात नव्हते. तेव्हा कारागिरांनी मद्यार्कात विरघळविलेल्या लाखेचे थरांवर थर देऊन त्याची नक्कल साधली. ही लाख मुख्यतः भारतातूनच जाई. ह्या तंत्रावरील जॉन स्टॉकर व जॉर्ज पार्कर ह्यांचा ग्रंथ १६८८ मध्ये प्रसिद्ध झाला. अठराव्या शतकात व्हेनिसच्या कारागिरांनी त्याहून स्वस्त युक्ती काढली : छापील चित्रे कातरून लाकडावर चिकटवावयाची, रंगवावयाची व वर रोगण चढवावयाचे. महाराष्ट्रात सावंतवाडीच्या चित्रकारांनी गंजिफांवरील चित्रणशैली लाकडी फर्निचरवरही उतरविली आहे.

विसाव्या शतकात ह्या कामाकडे नवचित्रकार वळले. इंग्लिश कलासमीक्षक रॉजर फ्राय (१८६६–१९३४) ह्याने जुलै १९१३ मध्ये लंडन येथे ‘ओमेगा वर्कशॉप्स’ ही संस्था काढली. तरुण चित्रकारांना पोटापुरते काम मिळावे, हा तिचा एक हेतू. वस्तूंवर चित्रकाराचे नाव नसे. केवळ ओमेगा हे ग्रीक अक्षर असे. रंग उत्तम, पण बांधणी कच्ची, हा त्यांवरील आक्षेप अगदीच निराधार नव्हता. विंडॅम ल्यूइस व काही सहकारी त्याच वर्षी भांडून बाहेर पडले. १९१९ मध्ये संस्था बंद झाली.

ह्या प्रयोगाचे खरे फलित ससेक्समधील चार्ल्सटन ह्या शेतघरात दिसते. १९१६ मध्ये ब्रिटनमध्ये सक्तीची सैन्यभरती सुरू झाली. युद्धात भाग घेण्यास नकार देणाऱ्या डंकन ग्रँट (१८८५–१९७८) ह्या चित्रकारास तुरुंग टाळावयाचा, तर शेतमजुरी पतकरणे भाग होते. व्हनेसा बेल (१८७९–१९६१) हिने बहीण व्हर्जिनिया वुल्फ हिच्या सूचनेवरून ते घर भाड्याने घेतले. दोघांनी तेथील दारे, शेकोट्यांच्या चौकटी, कपाटे व पलंग रंगवून काढले; जळणाच्या पेटीवरही ग्रँटने नाचणारे व वाद्ये वाजविणारे देवदूत चितारले. ही चित्रे भिंतीवर टांगावयाची नव्हती. त्यांच्यावर बसणे, झोपणे, जेवणे चालू होते व रंग झिजत होता. १९८० मध्ये घराच्या जतनासाठी न्यास स्थापन झाला, तेव्हा हीच झीज मोठी अडचण ठरली : नवा रंग भरावा, तर चित्रकाराचा हात पुसला जातो, न भरावा, तर उरलेलाही रंग गळून पडतो. दुरुस्तीनंतर १९८६ मध्ये हे घर लोकांसाठी खुले करण्यात आले.